फरीदी, विनोद आणि उद्याचा फौजदार

कर्नल फरीदी आणि कर्नल विनोद हे दोघे एकच आहेत, हे मला बाराव्या वर्षी कळले. आमच्या घरी दादांच्या, म्हणजे अब्बांच्या वडिलांच्या, लोखंडी पेटीत ‘जासूसी दुनिया’चे जुने उर्दू अंक होते. शेजारच्या गुरुजींकडे त्याच मालिकेची हिंदी पुस्तके होती. उन्हाळ्याच्या सुटीत उर्दू अंक वाचून संपले, म्हणून मी हिंदी हाती घेतले. गोष्ट ओळखीची होती. बंगला तोच, कुत्रे तेच, पाळलेले साप तेच, सोबतीला तोच खट्याळ हमीद. फक्त ज्याच्या जिवावर सगळी कथा उभी, त्या अधिकाऱ्याचे नाव बदललेले. दादांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, “बेटा, दुकान भी तो चलाना था.”

त्या उत्तराने तेव्हा माझे समाधान झाले. आज होत नाही. एका गुप्तहेर मालिकेतील नायकाचे नाव भाषा बदलताच का बदलावे लागते, हमीदचे नाव मात्र का टिकते, आणि उद्याच्या पोलिसाचे चित्र रंगवताना त्याच्या छातीवरच्या पट्टीवर कोणते नाव असावे, हे प्रश्न केवळ करमणुकीचे नाहीत. मुस्लिम मराठी साहित्यात आपण ओळखीची, अस्मितेची चर्चा पुष्कळ करतो. पण ती बहुधा कविता आणि आत्मकथन यांच्या आधाराने करतो. आपल्या घरांत सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या या पुस्तकांकडे मात्र ‘टाइमपास’ म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे जरा गंभीरपणे पाहण्याचा प्रयत्न आहे.

एका शिक्षकाची पैज

इब्ने सफी यांचे मूळ नाव असरार अहमद. जन्म १९२८ चा, इलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावचा. ‘असरार नारवी’ या नावाने ते गझला लिहीत, ‘तुगरल फरगान’ या नावाने विनोदी लेखन करीत आणि पोटासाठी शाळेत शिकवीत. मित्रांच्या एका बैठकीत कोणी तरी म्हणाले की, उर्दूत आता फक्त अश्लील पुस्तकेच खपतात. हे ऐकून या तरुण शिक्षकाने पैज घेतल्यासारखे ठरवले की, अश्लीलतेचा आधार न घेता खपणारी पुस्तके लिहून दाखवायची. मार्च १९५२ मध्ये इलाहाबादच्या अब्बास हुसैनी यांनी ‘जासूसी दुनिया’चा पहिला अंक काढला. कादंबरीचे नाव होते ‘दिलेर मुजरिम’. त्याच वर्षी इब्ने सफी कराचीला गेले. पुढे १९५५ पासून इमरान मालिका सुरू झाली. २६ जुलै १९८० रोजी त्यांचे निधन झाले तोवर दोन्ही मालिका मिळून सुमारे २४५ कादंबऱ्या झाल्या होत्या. मधली साधारण तीन वर्षे मानसिक आजारात गेली. १९६३ मध्ये ते लिहायला परतले तेव्हा वाचक दुकानांपुढे रांगा लावून उभे होते.

‘दिलेर मुजरिम’चे कथानक एका इंग्रजी कादंबरीवरून घेतले होते, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतही इंग्रजी नायकांच्या सावल्या आहेत. उसने बीज आपल्या मातीत रुजते की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. इब्ने सफींच्या बाबतीत ते रुजले, कारण त्यांनी इंग्रजी सांगाड्यात लखनवी संभाषण, इलाहाबादी टवाळी आणि आपला स्वतःचा पोलीस अधिकारी भरला.

या कादंबऱ्यांना मी ‘उद्याच्या पोलिसाच्या कथा’ म्हणते, त्याचे कारण यंत्रे तर आहेतच. ‘झिरोलँड’ नावाची गुन्हेगार वैज्ञानिकांची एक गुप्त सत्ता, तिचा ठावठिकाणा कोणालाच नाही, तिच्याकडे उडत्या तबकडीसारखी याने आणि माणसाला परस्वाधीन करणारी साधने. पण खरे भविष्य यंत्रांत नाही, अधिकाऱ्यात आहे. फाळणीला जेमतेम ५ वर्षे झालेली. उत्तर हिंदुस्थानातला मुसलमान आपण इथले की तिथले या प्रश्नाने हैराण. त्या वेळी एका शिक्षकाने अहमद कमाल फरीदी नावाचा अधिकारी उभा केला. तो लाच घेत नाही, मंत्र्याच्या दबावाला भीक घालत नाही, गुन्हेगाराची जात-जमात पाहत नाही आणि देशाच्या सुरक्षेची जबाबदारी निःशंकपणे त्याच्यावर सोपवली जाते. आजही ज्याची आपण वाट पाहतो, असा हा अधिकारी आहे. विज्ञानकथेत याने असतात. इथे विश्वास आहे. १९५२ मध्ये ती यानाहून दूरची गोष्ट होती.

नाव नसलेला देश

या मालिकांचा एक विशेष म्हणजे कथा कोणत्या देशात घडते, हे लेखक सांगत नाही. शहराचे नाव नाही, राजधानीचे नाव नाही. पात्रांत फरीदी आणि हमीद आहेत तसा कोतवालीचा इन्स्पेक्टर जगदीश आहे, खात्यात रेखा आहे. पुस्तक कराचीत लिहिले जाई. इलाहाबादेत छापले जाई आणि कराचीतही. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना वाचक ते आपल्याच शहरात घडते असे समजून वाचत. आमच्या दादांना तर फरीदीचा बंगला नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये असावा अशी खात्री होती!

ही लेखकाची व्यापारी युक्ती होती, असे कोणी म्हणेल. असेलही. पण त्या युक्तीतून एक मोठी गोष्ट घडली. ज्या ठाण्यात जगदीश आणि फरीदी एकाच टेबलावर फाइल उघडतात आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही, असे ठाणे या पुस्तकांनी लाखो वाचकांच्या मनात बांधले. लेखक त्यावर भाषण करीत नाही. सलोख्याचा उपदेश नाही, ‘हम सब एक हैं’ नाही. माणसे आपापले काम करतात, इतकेच. आपल्या बऱ्याच सद्हेतूपूर्ण कथांत एक हिंदू मित्र, एक मुसलमान मित्र आणि शेवटी मिठी असते. त्या मिठीपेक्षा मला हे कामाचे टेबल अधिक खरे वाटते.

एका अधिकाऱ्याची दोन नावे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. प्रकाशकाची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. फाळणीनंतरची ती वर्षे; हिंदीचा नवा वाचक मिळवायचा; सिनेमातही युसूफ खानने १९४४ मध्येच दिलीपकुमार होऊन पडद्यावर पाऊल ठेवलेले. त्यामुळे अब्बास हुसैनींना दोष देण्याचा माझा विचार नाही. पण या बदलात जे गृहीत धरले आहे ते तपासले पाहिजे. साहाय्यक मुसलमान चालतो. तो बकरा पाळतो, पोरींच्या मागे फिरतो, वाचकाला हसवतो. हुकूम देणारा, विचार करणारा, ज्याच्या हाती देश सुरक्षित आहे असा अधिकारी मात्र त्या नावाचा चालणार नाही, असे बाजाराने ठरवले. हमीदचे नाव टिकले याचा मला लहानपणी आनंद झाला होता. आता वाटते, तो आनंद करण्याजोगा नव्हता.

दुसरी बाजूही आहे. शेजारच्या गुरुजींनी ज्या विनोदवर जीव लावला, त्याचा प्रत्येक गुण फरीदीचा होता. त्याची दयाळू करडी नजर, पुस्तकांचे वेड, गरिबाशी बोलण्याची रीत, सारे जसेच्या तसे. म्हणजे माणूस आवडत होता, नाव अडत होते. नाव हा इतका पातळ पडदा आहे, हे दिलासा देणारे आहे आणि दुःखाचेही आहे. २०११ मध्ये शम्सुर्रहमान फारुकी यांच्यासारख्या थोर समीक्षकाने चार ‘जासूसी दुनिया’ कादंबऱ्यांचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा फरीदी फरीदीच राहिला. इंग्रजी वाचकाला ते नाव जड गेले नाही. मग आपल्या देशी भाषांनाच ते का जड जावे?

मी उर्दू शिकवते आणि मराठीत लिहिते. म्हणून हा प्रश्न मला मराठीलाही विचारावासा वाटतो. मराठी विज्ञानकथेची परंपरा मोठी आहे. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने आली आणि त्यानंतर दोन पिढ्यांनी भविष्याच्या कथा लिहिल्या. त्या वाचून आमच्यासारख्यांना विज्ञानाची गोडी लागली, हे ऋण आहेच. पण माझ्या वाचनात आलेल्या त्या भविष्यात मोहल्ला क्वचितच दिसतो. अवकाशयानात बसायला, प्रयोगशाळेत काम करायला, ठाणे सांभाळायला आमच्या नावाचे कोणी फारसे नाही. यात कोणाचा द्वेष नाही. लेखक आपल्या ओळखीची माणसे भविष्यात नेतो. मग आमची माणसे भविष्यात नेण्याचे काम कोणी करायचे? ते मुस्लिम मराठी लेखकानेच करायला हवे. आपण मात्र भूतकाळाच्या आणि वर्तमानाच्या जखमांतच गुंतून राहिलो.

प्रेमाची बाजू

रहस्य आणि प्रेम यांची सांगड हा या प्रकाराचा प्राण. इब्ने सफींनी ती मोठ्या चतुराईने घातली. फरीदी स्त्रियांपासून दूर, जवळजवळ पाषाण. हमीद पावलोपावली प्रेमात पडणारा. एकाच जोडीत संयम आणि चंचलपणा. इमरान मालिकेत ज्युलियाना फिट्झवॉटर आपल्या अधिकाऱ्यावर जीव टाकते, पण ज्या बावळट इमरानची ती टर उडवते तोच पडद्याआडचा अधिकारी एक्स-टू आहे, हे तिला ठाऊक नाही. झिरोलँडची थेरेसिया शत्रू असूनही इमरानच्या मोहात आहे. प्रेम इथे सफळ होत नाही, म्हणून मालिका पुढे चालते. अश्लीलतेविना खपण्याची पैज लेखकाने जिंकली ती अशी. वडील आणि मुलगी दोघांनीही तेच पुस्तक वाचावे, असे हे प्रेम आहे. आमच्या घरी तसे घडलेही.

पण बाई म्हणून वाचताना काही खटकते. गुन्हेवार्ताहर अन्वरची जोडीदार रशीदा सोडली, तर स्त्रिया बहुधा दोनच कामांसाठी येतात : कोणाला तरी फसवायला किंवा कोणी तरी वाचवायला. फरीदीचे स्त्रियांपासून दूर राहणे हा त्याचा मोठेपणा म्हणून रंगवला जातो. जणू बाईशी बरोबरीने बोलले की अधिकाऱ्याचे तेज कमी होते. इथे मला रुकैया सखावत हुसैन आठवतात. १९०५ मध्ये, फरीदीच्या जन्माआधी ४७ वर्षे, या बंगाली मुस्लिम बाईने ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली. त्या स्वप्नातल्या देशाचा कारभार बायका विज्ञानाच्या बळावर चालवतात, पुरुष घरात असतात आणि गुन्हेच उरले नाहीत म्हणून पोलिसाची गरजच राहत नाही. भविष्याची अशी झेप आपल्याच समाजातल्या एका बाईने घेतली होती. इब्ने सफींचे भविष्य यंत्रांत पुढे आणि या बाबतीत मागे आहे, हे मान्य करावे लागते.

कायद्याच्या वरचा अधिकारी

याहून मोठा आक्षेप दुसरा आहे. फरीदी प्रामाणिक आहे, पण तो कायद्याने चालतो का? त्याची स्वतःच्या पैशाने पोसलेली ‘ब्लॅक फोर्स’ ही खाजगी संघटना आहे. तो वेषांतर करून कोणाच्याही घरात शिरतो, कुलपे उघडतो, संशयिताला हवे तिथे ठेवतो. वाचक म्हणून आपण टाळ्या वाजवतो, कारण फरीदी चुकत नाही हे आपल्याला माहीत आहे. लेखकाने तसे वचनच दिलेले आहे.

आयुष्यात मात्र असे वचन कोणी देत नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान होते आणि पकडलेले नऊ जणही मुसलमान होते. जवळपास १० वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्यांतला एक तो दिवस पाहायला उरला नव्हता. ज्या समाजाने हे पाहिले, त्याला नियम मोडणारा हुशार अधिकारी परवडत नाही. तो आपल्या नावाचा असला तरी परवडत नाही. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले : अटकेची नोंद करा, नातेवाइकाला कळवा, वैद्यकीय तपासणी करा. त्यांतला पहिलाच नियम असा की, अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी असावी. म्हणजे कायदा म्हणतो, आधी पोलिसाने आपले नाव सांगावे. आपला अनुभव मात्र नाव सांगण्याचा कमी आणि सांगावे लागण्याचा जास्त!

मग फरीदी आपल्याला का आवडतो? याचे उत्तर मला २००८ मध्ये मिळाले. तेव्हा मी शाळेत होते. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात हेमंत करकरे शहीद झाल्याची बातमी आली आणि आमच्या मोहल्ल्यात चूल पेटली नाही म्हणावे अशी शांतता पसरली. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा अधिकारी. त्यांनी हाताळलेल्या २००८ च्या मालेगाव प्रकरणात पुढे, ३१ जुलै २०२५ रोजी, विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. त्या निकालाची चर्चा हा वेगळा विषय आहे. पण लोकांनी त्यांच्यावर माया केली ती निकालासाठी नव्हे. पुरावा नेईल तिकडे जाणारा आणि नाव न पाहणारा अधिकारी असू शकतो, असे त्यांच्याकडे पाहून वाटले होते. त्या रात्री दादा पेटीजवळ बसून म्हणाले, “फरीदी गया.”

दादांनी करकरेंना फरीदी म्हटले! हिंदी प्रकाशकाने फरीदीचा विनोद केला होता, तो दुकानासाठी. दादांनी उलटे केले, ते प्रेमासाठी. नाव बदलण्यातला अपमान आणि नाव देण्यातला मान यांतला फरक मला त्या एका वाक्याने शिकवला. फरीदी हे केवळ मुसलमानाचे नाव उरले नव्हते. दादांसाठी ते न्याय्य अधिकाऱ्याचे नाव झाले होते. साहित्याचे यश याहून वेगळे काय असते?

नागपूरचे यंत्र

उद्याचा पोलीस आता कादंबरीतच राहिला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने पोलिसांना तपासात मदत करणे हे तिचे काम. यवतमाळहून नागपूर किती दूर? सकाळची एसटी धरली तर दुपारच्या आत पोचतो. झिरोलँड इतके जवळ येईल असे इब्ने सफींनाही वाटले नसेल. यंत्राला माझा विरोध नाही. हरवलेले मूल लवकर सापडत असेल, सायबर फसवणुकीतले म्हाताऱ्याचे पैसे परत मिळत असतील, तर ते यंत्र धन्य आहे. पण अशी यंत्रे जुन्या नोंदींवरून शिकतात. जुन्या नोंदींत कोणाची नावे जास्त पकडली गेली, हे यंत्र तपासत नाही. तेच खरे मानून पुढे चालते. फरीदीला पूर्वग्रह नव्हता, कारण त्याच्या लेखकाला तो नको होता. यंत्राचा लेखक कोण आणि त्याला काय हवे आहे, हा प्रश्न विचारणारी कथा आज हवी आहे. अशी पोलीसकथा मराठीत आली आणि तिच्यात रहस्य असेल, प्रेम असेल, पुसद-दिग्रसच्या बोलीतला एखादा फौजदार असेल, तर मी ती एका बैठकीत वाचीन आणि वर्गातही वाचून दाखवीन.

वर्गावरून आठवले. गेल्या वर्षी मी नववीला निबंधाचा विषय दिला होता : ‘सन २०५० का पुलिसवाला’. बहुतेक मुलांनी उडत्या मोटारसायकली लिहिल्या, पोलादी शिपाई लिहिले, डोळ्यांतून निघणारे किरण लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने अर्धे पानच लिहिले होते. तिचा पोलीस यंत्र होता. रात्री एक मुलगी ठाण्यात येते. यंत्र तिला नाव विचारत नाही. आधी पाणी देते, बसायला सांगते आणि मग विचारते, काय झाले? मी तिला म्हटले, “नाव तर विचारावेच लागेल ना? तक्रार कोणाच्या नावाने लिहिणार?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “टीचर, नाम बाद में भी तो पूछ सकते हैं.”

मी तिला १० पैकी ९ गुण दिले. एक शुद्धलेखनाचा कापला. दादांच्या पेटीतला ‘दिलेर मुजरिम’ मी तिला वाचायला दिला आहे; अजून तिने परत केलेला नाही.